आई की काकू

दारातली मुलगी जरा वाकली, दोन्ही हातांनी संत्र्यांची पिशवी पुढे केली आणि म्हणाली, "आयी!"

नंदाबाईंचा हात कडीवरच राहिला.

"काय म्हणाली ही?"

मागे त्यांचा मुलगा उभा होता. नाव अभय, पण शाळेत होता तेव्हापासून आईसमोर बोलायला भ्यायचा. "आई, ही युन. माझ्या ऑफिसमधली मैत्रीण. चीनमधल्या चेंगदूची आहे. तुला भेटायला आलीय."

"ते मी विचारलं नाही. मला हाक काय मारली तिनं?"

अभय संत्री घेऊन स्वयंपाकघरात पळाला.

सिंगापुरातल्या तांजोंग पगारच्या ऑफिसात ही मैत्रीण त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची. दर रविवारी त्याच्याबरोबर सिनेमालाही जायची. एप्रिलात आई नाशिकहून आली तेव्हापासून तो रोज ठरवत होता, आज सांगू. जून संपत आला. आई परवाच्या विमानानं निघणार होती. आणि युननं त्याला बजावलं होतं, तुझी आई जायच्या आत बोल, नाहीतर मी शांघायची बदली घेते. मग तू आणि तुझी मैत्री खुशाल सिंगापुरात राहा.

नंदाबाईंचा उन्हाळा मात्र झकास गेला होता. नाशिकचं ऊन सोसत नाही म्हणून मुलानं बोलावलं, आणि इथं बघतात तर बाराही महिने ऊनच. त्यावरून पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला फैलावर घेतलं, आणि मग बुकित पंजांग या त्याच्या वस्तीला आपलंसं केलं. सकाळी इमारतीखाली चिनी बायकांच्या रांगेत उभं राहून व्यायामाचे हातवारे करायचे. दुपारी खिडकीबाहेर बांबूवर साड्या वाळत घालायच्या. संध्याकाळी त्या बिनड्रायव्हरच्या छोट्या रेल्वेगाडीत बसून उगाच एक चक्कर मारायची. गाडी इमारतींना खेटून जायला लागली की काचा आपोआप धुरकट होतात, लोकांच्या घरात कुणी डोकावू नये म्हणून. तेवढं एक त्यांना पटलं नव्हतं. लोकांची घरं बघायची नाहीत तर खिडकीपाशी बसायचं कशाला?

आपल्या घरात मात्र त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी आणलेल्या प्रत्येक स्थळाला अभय "बघू" म्हणायचा आणि फोन घेऊन बाल्कनीत जायचा. तिथून हसण्याचे आवाज यायचे. ऑफिसच्या कामाला इतकं हसू येत असेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

जेवायला पिठलं होतं, भाकरी होती आणि ठेचा. अभयनं खुणा करून सांगितलं, जपून. चेंगदूच्या तिखटावर वाढलेल्या युननं ठेचा भाजीसारखा खाल्ला. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. वर वाटी पुढे करून हसत म्हणाली, "आयी! व्हेरी गुड!"

नंदाबाईंनी डाव खाली ठेवला.

"पुन्हा म्हणाली."

"आई, तसं नाही गं," अभय घाईघाईनं म्हणाला. "त्यांच्या भाषेत आयी म्हणजे काकू. वयानं मोठ्या बाईला तसंच म्हणतात."

"ते तिकडे चीनमध्ये. या घरात आई म्हणजे आई. आणि मला आई म्हणायचा हक्क दोघांनाच. एक तू आणि एक तुझी बायको. ही तू नाहीस, एवढं मला दिसतंय."

युन दोघांच्या तोंडांकडे बघत होती. "मी काही चुकीचं बोलले का?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"आता तू सांग," नंदाबाई म्हणाल्या. "हिनं मला काय म्हणायचं? काकू म्हणायचं असेल तर आत्ताच शिकव. मी परवा निघाले. चुकीची हाक मागे ठेवून मी जाणार नाही."

अभय पाणी प्याला. रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.

"आई..."

"हाक मारतोयस की उत्तर देतोयस?"

"उत्तर देतोय," अभय म्हणाला. आवाज फाटला, पण निघाला. "आईच म्हणू दे तिला."

"मग माझ्याकडे काय बघतोस? तिला सांग की!"

त्यानं सांगितलं. अडखळत, इंग्रजीत, कान लाल करून. युननं भाकरी ताटात ठेवली.

"तुझ्या आईला सांगून झालं," ती म्हणाली. "मला कधी विचारलंस?"

अभय तिच्याकडे वळला. "मग... कॅन?"

युननं त्याला मुळीच घाई केली नाही. बोटानं आणखी थोडा ठेचा घेतला. सावकाश चाटला. मग हसू फुटलंच तिला.

"कॅन लाह!"

इतके दिवस या गावात काढल्यावर 'कॅन लाह' म्हणजे 'चालेल की', एवढं इथलं इंग्रजी नंदाबाईंना समजत होतं. त्या उठल्या, साखरेचा डबा आणला आणि आधी युनच्या हातावर साखर ठेवली. अभयला म्हणाल्या, "तुला उरली तर."

संध्याकाळी त्यांनी नाशिकला नवऱ्याला फोन लावला आणि अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. मनोहरराव आधी खो खो हसले, मग काळजीत पडले.

"अगं, पण अभय म्हणतो तेच खरं असणार. ती बिचारी काकू म्हणाली आणि तू आई ऐकलंस. गैरसमजावर लग्न ठरवून बसलीस की काय?"

"गैरसमज कसला?" नंदाबाई म्हणाल्या. "अहो, इथली चिनी भाजीवाली मला एप्रिलपासून रोज आयी म्हणते. तिला काय मी सून करून घेतली?"