उसनं मनगट

कुंदाताईंनी टबात ऊन पाणी ओतलं, मनगटावरचा पट्टा सोडला आणि नवऱ्याच्या मनगटावर बांधला. यशवंतरावांनी रोजच्यासारखे दोन्ही हात पाण्यात बुडवून बोटांचा व्यायाम सुरू केला. कुंदाताई कणीक मळायला लागल्या.

संधिवाताच्या प्रत्येक रुग्णाला आता असा पट्टा मिळत असे. शेक, व्यायाम, विसावा, सगळं तो मोजायचा. गुण घसरले की इंजेक्शन बंद. पहिल्याच महिन्यात कुंदाताईंचे गुण घसरायला लागले, तेव्हा यशवंतराव म्हणाले होते, "तुला घरच्या कामातून सवड कुठली? आण तो पट्टा, मी करतो तुझ्याऐवजी."

तेवढ्यात भिंतीवरच्या पडद्यावर डॉक्टरबाई आल्या. त्यांना तिकडून कुंदाताईंचा चेहराच तेवढा दिसत असे.

"कुंदाताई, स्वतःची इतकी काळजी घेणारं अख्ख्या जिल्ह्यात कुणी नाही. तरी तुमची बोटं वाकडी होतच चाललीत. म्हणजे औषध तुम्हाला लागू पडत नाही. इंजेक्शन आजपासून बंद करावं लागेल."

कुंदाताई कणीक मळत राहिल्या. खरं सांगितलं असतं, तरी इंजेक्शन बंदच होणार होतं.

पडदा विझला.

"एक दिवस खाडा केला नाही गं मी!" यशवंतराव कळवळून म्हणाले आणि हात पुसत उठले.

कुंदाताई टब उचलायला वाकल्या. पाणी अजून कोमट होतं. कणकेनं भरलेले हात त्यांनी तसेच आत सोडले. बोटांतली कळ हळूहळू निवळत गेली.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला रोज इतकं बरं वाटायचं?"