अयुमाआजीचा दगड

"ओढ्यापाशी गेल्यावर तू नुसती मान हलव," रिस्पाबाई ट्रुफोसाला म्हणाल्या. "बोलायचं काम माझं."

"तुमचं बोलणं म्हणजे वर्गात हजेरी घेतल्यासारखं," ट्रुफोसा म्हणाली. "थापेत जरा मीठमसाला लागतो, बाई."

रिस्पाबाईंनी गळ्यातला कॅमेरा सावरला. सदतीस वर्षं त्यांनी मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं होतं, प्रसंगी छडीही दिली होती. आणि आज सरकारी माणूस पाहणीला येणार म्हणून त्या स्वतःच थाप मारायला निघाल्या होत्या.

कॅमेरा शाळेने निरोपाला दिलेला. नवरा देवाघरी, मुलं नैरोबीला. निवृत्तीनंतर घर खायला उठायचं. मग बाई कॅमेरा घेऊन घरामागच्या इसेनो ओढ्यावर उतरू लागल्या. सोबतीला शेजारची ट्रुफोसा. तिला फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पक्षी तिला बाईंच्या आधी दिसायचा. खंड्या, पाणकावळे, उंबरावर येणारा भला मोठा निळा पक्षी. बाईंना पुन्हा सकाळी उठावंसं वाटायला लागलं.

आता वरची जमीन एका हॉटेलवाल्याने घेतली होती आणि तो थेट पाण्यापर्यंत तारेचं कुंपण घालणार होता. त्याला अडवायचा एकच मार्ग होता. काठाने लोकांची जुनी वहिवाट आहे, असं दाखवायचं.

वहिवाट नव्हतीच. काठाला माणूसभर गवत आणि काटेरी झुडपं होती. दोघींनी चार महिने कोयते चालवले, सकाळ-संध्याकाळ ये-जा केली, चर्चमधल्या बायकांनाही पाण्याला त्याच बाजूने पिटाळलं. पायवाट झाली. बाईंनी तिचे फोटो काढून वहीत चिकटवले.

साहेब मोटारसायकलवरून आला. नाव न्याकुंडी, म्हणजे लांबचा, किसी जिल्ह्याकडचा; इथली बोली त्याला कळायची नाही. पन्नाशीकडे झुकलेला, पोट सुटलेला, तोंडावर हसू नावाला नाही. बाईंशी तो स्वाहिलीत बोलला.

"हे फोटो कधीचे?" वही चाळत त्याने विचारलं.

"वेगवेगळ्या दिवसांतले, साहेब. हे कोरड्यातले, हे पावसातले."

हे खोटं नव्हतं. पाऊस याच वर्षीचा होता, एवढंच.

"पोट बघा केवढं," ट्रुफोसा आपल्या बोलीत पुटपुटली. "गावोगावची एकेक कोंबडी आत गेली असणार."

"गप बस, ट्रुफोसा," बाईही बोलीतच म्हणाल्या.

साहेबाला ठसका लागला. दोघी सोज्वळ चेहरा करून थांबल्या.

ओढा ओलांडायला पाण्यात दगड होते. तिसरा डुगडुगतो, हे बाई सांगणार तोच साहेब दुसऱ्यावरून चौथ्यावर गेलाही. बाईंचा मात्र बोलायच्या नादात तिसऱ्यावर पाय पडला आणि त्या घोटाभर भिजल्या. ट्रुफोसा खुदकन हसली.

"या वाटेने कोण जायचं पूर्वी?" पलीकडून साहेबाने विचारलं.

"सगळेच," बाई म्हणाल्या. "म्हणजे गाव. पाण्याला वगैरे."

"नाव सांगा एखादं. कागदावर नाव लागतं."

नाव बाईंनी ठरवलंच नव्हतं. समोर पाठ टेकता येईल असा मोठा काळा दगड होता. साहेब त्याच्याकडेच बघत होता.

"अयुमा म्हातारीचं नाव घ्या," ट्रुफोसा बोलीत कुजबुजली. "पंचवीस वर्षं झाली तिला जाऊन. लेकी दूरदेशी दिलेल्या, घरावर वेल चढलेत. उठून खोटं म्हणायला कोण येतंय?"

बाईंनी मनातल्या मनात देवाची माफी मागितली.

"हा अयुमाआजीचा दगड, साहेब," त्या म्हणाल्या. "टेकडीवर राहायची. डोक्यावर घागर घेऊन याच वाटेने यायची आणि इथे घटकाभर टेकायची. म्हणून गावात दगडाला तिचंच नाव पडलं."

एकदा सुटल्यावर त्यांना थांबवेना. आजी बसल्या बसल्या पाखरांना दाणे टाकायची, येणाऱ्याजाणाऱ्याला रताळं द्यायची, असंही त्यांनी ठोकून दिलं. ट्रुफोसा मान हलवत होती आणि मनातून बाईंना शंभरपैकी शंभर देत होती.

 साहेबाने दगडावरून एकदा तळहात फिरवला आणि कागदावर खाली मान घालून लिहीत सुटला. बाई टाचा उंचावून कागदाकडे बघत होत्या. कुंपण घातलं गेलं तर उद्यापासून त्यांची सकाळ चार भिंतींत उजाडणार होती.

त्याने कागद पुढे केला. बाईंनी चष्मा लावून वाचला. 'काठाने जुनी वहिवाट आहे. कुंपण पाण्यापासून पन्नास पावलं मागे घ्यावं. वाटेवरील खूण: अयुमाआजीचा दगड.' खाली सही आणि शिक्का.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांना एकदम साहेबाची दया आली. इतक्या सरळ माणसाला आपण फसवलं.

"देव बरं करो तुमचं," त्या स्वाहिलीत म्हणाल्या.

"अगदीच भोळा निघाला बिचारा," ट्रुफोसा बोलीत म्हणाली.

परत मोटारसायकलपाशी आल्यावर बाईंनी त्याचा फोटो काढायला कॅमेरा उचलला. साहेब पहिल्यांदाच हसला. कागदांची पिशवी खांद्याला लावत, टेकडीवरची जुनी माणसं बोलायची तशा अस्सल बोलीत तो म्हणाला, "ट्रुफोसामावशी, पोट कोंबड्यांचंच आहे, पण माझ्या आजीच्या. आणि बाई, अयुमाआजी त्या दगडावर कधी टेकली नाही. आम्हा नातवंडांना काट्याकुट्यांतून ओढत पाण्यावर न्यायची ती. पायवाट असती, तर कदाचित बसलीही असती."