तेलपाणी

केतन चहा पिऊन अंगणात आला आणि गाडीपाशी थबकला. टाकी लखलखत होती. चेन, स्टँड, मडगार्डचे नट, सगळं नव्यासारखं. काल संध्याकाळी तो गाडी उघडून बसला होता तेव्हा ती अशी नव्हती.

"आई, गाडी कुनी पुसली?"

शकूने भांडी घासता घासता हनुवटीनेच नवऱ्याकडे दाखवलं. जानू खाली मान घालून फाटकं जाळं शिवत होता, म्हणजे शिवत असल्याचं दाखवत होता. बापलेकांत दोन महिने बोलणं नव्हतं. केतनने बोटीवर यायचं सोडून तारापूरच्या कारखान्यात नोकरी धरली होती, आणि सुट्टी आली की या जुन्या मोटारसायकलचा नट न् नट खोलून बसायचा. जानूच्या लेखी ती बोटीची सवत होती.

केतन किंचित हसला. "चाललो, बाबा," म्हणाला.

जानूच्या हातातली सुई थांबली. त्याला फार आनंद झाला. "दमानं जा," एवढंच तो म्हणाला, तेही गाडी सुरू झाल्यावर. ते केतनला ऐकू गेलं नसणारच.

सायलेन्सरमध्ये पोराने काय उचापत केली होती कोण जाणे, गाडी सुरू झाली की अख्ख्या एडवण गावाला कळायचं. आवाज गल्लीतून निघायचा, बाहेरच्या रस्त्याला लागायचा, शेतांवरून येत राहायचा आणि खाडीचा पूल ओलांडला की हळूहळू विरून जायचा. तो विरला की जानू रोज कपाळाला हात लावून म्हणायचा, "सुटलो एकदाचा." आज मात्र त्याला तो आवाजही गोड लागत होता.

तेवढ्यात निमेश आला. केतनचा दोस्त, त्याच्या जोडीने गाड्या उघडून बसणारा. हातात कागदाची पुडी होती.

"गेला पन? बोईसरवरनं ब्रेकचे लायनर आनले मी त्याच्यासाठी. मागचा ब्रेक काल सोडवून ठेवलाय आमी."

"तो तं पालघरला लायनरच आनाया गेला, आईला सांगत व्हता," जानू म्हणाला. "म्हंजे येकाच ब्रेकावर गेला?"

"पुढचा कडक हाय, काका. डिस्क हाय ती. दोन बोटं लावली की गाडी उभी."

जानू हुशारला. कधी नव्हे ती त्याच्याकडेही गाडीबद्दल सांगण्यासारखी गोष्ट होती.

"पुढच्या चाकाची ती चकती ना? भोकाभोकांची? खाऱ्या हवेनं तांबारली व्हती रं. पहाटं बोटीवरनं ऑइल आनलं, दोनदा चोळलं तिला. मंग फडक्यानं पुसून काढलं, त्याच्या प्यांटीला लागाया नको. आरशासारखी झाली!"

निमेशची नजर ओट्याच्या कडेला गेली. तिथे डबा होता, बोटीच्या इंजिनातून काढलेल्या काळ्या तेलाचा, आणि डब्यावर फडकं. समुद्रकाठी लोखंड ठेवायचं तर तेल लावूनच, हे जानूला त्याच्या बापाने शिकवलं होतं. कप्पी, साखळी, नांगर, कोयता, सगळ्याला तो ते लावायचा. बिनतेलाचं लोखंड त्याला थंडीत उघड्या राहिलेल्या पोरासारखं वाटायचं.

"काका, त्या चकतीलाच धरून ब्रेक लागतो," निमेश म्हणाला. "तिलाच तेल लागलं तं तो धरंल काय?"

जानूला कळायला क्षणभर लागला. कळलं तसा तो जाळं टाकून उठला.

"पुसलं ना मी," तो म्हणाला. "कोरडं केलं."

"असं नाय पुसून जात ते."

निमेशने फोन लावलाच होता. रिंग वाजत राहिली. "उचलत नाय."

"नाय उचलनार." जानू म्हणाला. "गाडी घेतली तवाच शपथ घातली हाय मी त्याला. गाडीवर फोन घ्यायचा नाय म्हनून."

"गल्लीत तो पायच टेकतो," निमेश म्हणाला, जानूला की स्वतःला, कोण जाणे. "पुढं रस्ता सरळ हाय. मधी कुटं दाबून बघितला तं कळंल त्याला..."

पूल ओलांडल्यावरचा उतार दोघांनाही ठाऊक होता. उतार संपतो तिथेच वळण, आणि वळणाला कठडा नाही.

निमेश स्वतःची गाडी काढायला पळाला. जानू अंगणाच्या मध्ये उभा राहिला. शेतांवरून आवाज अजून येत होता. दोन महिने ज्याला शिव्या घातल्या तो आवाज आता जमलं असतं तर त्याने हातांनी धरून ठेवला असता. आवाज जड झाला. पोरगा पुलाचा चढ चढत होता. मग मोकळा झाला. हळूहळू विर, जानू मनात म्हणत होता, रोजच्यासारखा हळूहळू विर.

आवाज एकदम तुटला.

घासलेली भांडी मागच्या दारी मोरीपाशी नेऊन उपडी घालता घालता शकू हसली; अंगणातलं बोलणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. नवऱ्याची आज पोराशी गट्टी झाली होती, सकाळपासून तिचं मन भरून आलं होतं. त्याची जरा मस्करी करावी म्हणून तिने तिथूनच हाक दिली,

"थांबला बघा आवाज. म्हना आता तुमचं, सुटलो एकदाचा."