कोठाराची भिंत

ही गोष्ट अठ्ठावन्न सालची. सुगी संपून नवं धान्य आलं, की घरातल्या बायका पिठात हात बुडवून कोठाराच्या भिंतीवर पंजे उमटवायच्या. त्या वर्षी सासूबाईंनी थोरल्या सुनेला अडवलं.

"तू नको गं. अपुरा हात शुभकार्याला चालत नाही."

थोरलीची करंगळी त्याच घरची कापणी करताना विळ्यानं गेली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"पेरायला चालतो, कापायला चालतो, भिंत तेवढी बाटते होय?"

"बाई बाई, जीभ मात्र पुरती आहे हो!" धाकटी जाऊ फिसकन हसली.

थोरली भिंतीला हात न लावताच निघून गेली. पीठ वाळलं, तेव्हा भिंतीवरच्या एकाही पंजाला करंगळी नव्हती. भिंत पुसून सगळ्यांनी पुन्हा पंजे उमटवले. पुन्हा चारच बोटं.

धाकटीनं पुढं भिंतीला हात लावणंच सोडलं. सासूबाई नऊ वर्षांनी गेल्या. शेवटची अंघोळ घालताना त्यांची बोटं पाचच्या पाच होती, पण पाटावर उमटलेल्या ओल्या पंजाला चार.

थोरली माहेरी परतली ती कायमची. दर सुगीला ती तिथल्या भिंतीवर आपला तोच हात उमटवायची.

पाचही बोटं उमटायची.