सल्ला मोफत

"मावशी, फोटो तसे बरे आहेत, पण सावलीने वाट लावलीय," राजेश म्हणाला आणि त्याने जांभई दाबली.

जानकीबाई काउंटरवर वाकून कॉम्प्युटरकडे बघत होत्या. पाठीवर बारीक वेणी, खांद्याला कापडी पिशवी. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड त्यांनी रुमालात गुंडाळून आणलं होतं.

जोगेश्वरी पूर्वेला राजेश घाडीचा छोटा फोटो स्टुडिओ होता. ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला तेव्हा त्याने दारावर पाटी लावली होती : 'तुमचे फोटो दाखवा, सल्ला मोफत'. सल्ल्याच्या निमित्ताने लोक प्रिंटही काढतील, असं त्याला वाटलं होतं. प्रिंट कोणी काढेना, सल्ला मात्र सगळ्यांना हवा. मांजराच्या फोटोला सल्ला, मोदकांच्या फोटोला सल्ला. तेच तेच बोलून त्याला वीट आला होता, आणि पाटी उतरवायचाही आता कंटाळा येत होता.

त्यात या बाई. मागे आल्या तेव्हा आधारकार्डावरचा फोटो भिंतीवर लावण्याएवढा मोठा होतो का, असं विचारत होत्या. "नाही होत, फुटतो," त्याने मान वर न करताच सांगितलं होतं. "कॅमेऱ्याने काढलेलं काही असेल तर आणा." आज त्या हे कार्ड घेऊन आल्या होत्या.

वेसाव्याला वाळत टांगलेले बोंबील. चाळीच्या गच्चीवर पसरलेली कोकमं. लेण्यांच्या पायऱ्यांवर पाय ताणून झोपलेला कुत्रा. आणि प्रत्येक फोटोत खालच्या बाजूला, फोटो काढणाऱ्याची लांबलचक सावली. डोकं, खांदे, कॅमेरा धरलेली कोपरं, मानेमागे काहीतरी वर आलेलं. अंबाडा असेल, असं धरून राजेश पुढे सरकला.

"हे बघा. कुत्रा बरोबर मधोमध बसवलाय. जरा बाजूला घ्यायचा, मोकळी जागा सोडायची. आणि हा समुद्र बघा, कलंडलाय. सगळं पाणी सांडेल."

"समुद्र वाकडाच यायचा," जानकीबाई म्हणाल्या. "कितीही सांगा."

"आणि ऊन सारखं पाठीवर. मग सावली पुढे पडणारच ना? ऊन बाजूने घ्यायचं. सावली आली की फोटो फुकट."

जानकीबाई कॉम्प्युटरकडे आणखी वाकल्या. मग त्यांनी विचारलं, "यातला सगळ्यात स्पष्ट कुठला आलाय?"

"लेण्यांचा."

"मग तोच मोठा करा. बुधवारी घरी माणसं येणारेत. त्याच्या आत भिंतीवर लागला पाहिजे. दुसरा नाही हो आमच्याकडे लावण्यासारखा."

पाहुण्यांसमोर झोपलेला कुत्रा कशाला टांगायचा, हे राजेशला कळेना. पण हौसेला मोल नसतं.

"खालचा भाग कापून टाकू?"

"नको." एवढा एक शब्द त्या जोरात बोलल्या. "कापू नका. आहे तेवढा सगळा राहू दे. भाऊ, खरं म्हणजे तो फोटो..."

तेवढ्यात पासपोर्टच्या फोटोसाठी एक जोडपं रडतं मूल घेऊन आत शिरलं.

"मी आहे ना, मावशी. नाही कापत. बुधवारी सकाळी या," राजेश म्हणाला आणि दिवे लावायला उठला. जानकीबाई दारात जरा घुटमळल्या आणि गेल्या.

मंगळवारी दुपारी त्याने लेण्यांचा फोटो उघडला. आहे तसा छापून द्यायचा आणि मोकळं व्हायचं, असंच त्याने ठरवलं होतं. पण या वयात बाई उन्हातान्हात कॅमेरा घेऊन हिंडते, वाकडातिकडा का होईना समुद्र टिपते, आणि आपण तिला जांभया देतो, याची त्याला लाज वाटली. किती दिवसांत आपण कुणाचं मनापासून काही केलं नाही, हेही त्याच्या लक्षात आलं.

त्याने खुर्ची पुढे ओढली. बाजूच्या दगडाचा रंग उचलत, थोडा थोडा लावत, त्याने सावली पुसायला घेतली. कापायचं नाही हा शब्द त्याने पाळला. शेवटी पायऱ्या अशा उजळल्या की तिथे कधी सावली पडली होती असं कुणी म्हटलं नसतं. मग हुरूप येऊन त्याने कार्डावरचे बाकीचे फोटोही तसेच केले. बाईंचा गोंधळ नको म्हणून जुने उडवले. कॉम्प्युटर भरत आला होता, तोही रिकामा करून टाकला. त्या संध्याकाळचा चहा त्याला बऱ्याच दिवसांनी गोड लागला.

बुधवारी जानकीबाई दुकान उघडायच्या आधीच येऊन उभ्या होत्या. पिशवीतून फुलांचा पुडा डोकावत होता. राजेशने फ्रेम त्यांच्यापुढे ठेवली.

"कापलेला नाही. आणि कार्डावरचेही सगळे साफ करून दिलेत. आता एकातसुद्धा सावली नाही. पैसे नकोत, मावशी."

जानकीबाईंनी फ्रेम उजेडाकडे धरली. खालच्या पायऱ्यांवरून बोट फिरवलं. मग पदराने काच पुसली आणि पुन्हा पाहिलं.

"भाऊ, यातली छत्री कुठे गेली?"

"कसली छत्री?"

"ह्यांची. बारा महिने शर्टाच्या कॉलरला मागे अडकवलेली असायची." त्यांचं बोट अजून त्या उजळलेल्या दगडावरच होतं. "सगळ्या जगाचे फोटो काढले, स्वतःचा एक काढू दिला नाही. आज वर्षश्राद्ध आहे. एवढेच उरले होते ते."