मधला खांब

हे लिहिणारच नव्हतो. टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं.

पानगळीचे दिवस. दुपारी आम्ही दोघं तळ्याच्या बांधावर पालथे पडलेलो. लंबू माझा लहानपणापासूनचा मित्र, शाळेची बस चालवतो. पक्ष्यांचं वेड दोघांनाही, दुर्बीण मात्र एकच. आमचा एक खेळ आहे. नसलेला पक्षी दाखवायचा. समोरचा "दिसला" म्हणाला की तो फसला, चहा त्याच्याकडून.

पाण्यात तीन खांब आहेत. मी म्हणालो, "लंबू, मधल्या खांबावर बघ. पाणकावळा. पंख पसरून बसलाय."

खांबावर काही नव्हतं.

त्यानं दुर्बीण लावली. "हां, दिसला. मस्त वाळवतोय की पंख."

"फसलास. चल, चहा पाज."

एरवी त्यानं मला दोन शिव्या तरी हासडल्या असत्या. आज दुर्बीण डोळ्यांवरून काढेचना.

"लंबू, खांब तरी दिसतोय ना?"

"मोठा आला डोळे तपासणारा."

"दिसतोय का?"

त्यानं दुर्बीण एका खांबावरून दुसऱ्यावर फिरवली. मग म्हणाला, "कडेचे दोन दिसतात. जिथं बघावं, तेवढंच पुसल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाला, वाढत जाणार."

"आणि बस?"

"रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता पाठ आहे. मध्येच पळत सुटणारं पोर कसं पाठ करणार?"

त्यानं दुर्बीण खाली ठेवली, पट्टा नीट गुंडाळला. "कशाला केलीस रे ही मस्करी? बरं चाललं होतं."

मलाही तेच वाटत होतं. नसती केली तर आत्ता टपरीवर बसून भांडत असतो.

"दुसरं काही येतं का मला?" तो म्हणाला. "वहिनीला तुझ्या अजून सांगितलेलं नाही. तू कुठं बोलू नकोस. वचन दे."

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, पण नजर माझ्या कानाच्या जरा बाजूला.

"देतो वचन," मी म्हणालो. "उद्या सकाळी बस निघायच्या आधी मी शाळेच्या गेटवर येऊन उभा राहीन. तू आत जाऊन मुख्याध्यापकांना सांग. तू नाही सांगितलंस, तर मी सांगेन."