भट्टी निघेपर्यंत

कात्रपहून पहाटे निघालेली गाडी मुरूडच्या किनाऱ्याने धावत होती. खानावळींच्या पाट्या मागे पडत होत्या. “अहो, थांबा ना, इथलं काहीतरी खाऊ,” वेणू पुन्हापुन्हा म्हणाली. चंदरचं उत्तर ठरलेलं, “घरच्या पुऱ्या आहेत ना?” त्या पुऱ्या तिनेच झोपमोड करून लाटल्या होत्या. सहलीतही आपल्याच हातचं खायचं, म्हणून ती धुमसत होती. चंदरने आलेला फोन घ्यायला गाडी बाजूला लावली, तेवढ्यात समोरच्या बेकरीतून नानकटाईचा खमंग वास आला. वेणू उतरून तिकडे गेली. बेकरीवाल्या चाची म्हणाल्या, “ताई, आत्ताच संपली. पुढची भट्टी निघायला अर्धा तास लागेल.” मागून हॉर्न वाजला. “वेणू, चल! उशीर होतोय!” वेणूने वळूनही पाहिलं नाही. “तुमचे साहेब थांबतील का?” चाचींनी विचारलं. वेणू बाकावर ऐसपैस बसली. “त्यांचं माहीत नाही. मी थांबते.”